आर्न किवेलाचं न चालणारं दुकान

टॅमरॅक फॉल्स, अपर मिशिगन
१० मे २००९

प्रिय लेम्पी हिस,

धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. काल दुकानाची पाटी लावताना शिडीवरून खाली आलो आणि आठही अंगं एकदम जमिनीला टेकली. मला काही झालं नाही. पाटी मोडली.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की बर्निस म्हणते, गावालाच सांगायचं असेल तर सरळ रेडिओवर जा. बायकोपुढे कोणाचं चाललंय? म्हणून हे पत्र.

तर अखेर मी बंदुकांचं दुकान उघडलं. गिरणीला टाळं लागल्यापासून घरात बसून मी चालू असलेल्या सगळ्या वस्तू दुरुस्त करत होतो, त्यामुळे त्या एकेक करून बंद पडत होत्या. शेवटी बर्निसनेच हात जोडले. म्हणाली, बाबा रे, तुला बंदुका नीट करता येतात ना, मग त्या कर, माझ्या मिक्सरला हात लावू नकोस. सरकारी परवाना आला. जागा मिळाली ती हेल्मीच्या ब्यूटी पार्लरची, कारण हेल्मी फ्लोरिडाला गेली आणि गुलाबी भिंतींची जागा दुसरं कोणी घेईना. गिरणीतल्या वेन्डलने येऊन तपकिरी रंग लावून दिला, पण खालचा गुलाबी वर डोकावतोच. आता भिंती रावस माशासारख्या दिसतात. केस वाळवायच्या तीन खुर्च्या, वरच्या मोठ्या टोपांसकट, जमिनीत बोल्टने इतक्या पक्क्या बसवल्यात की निघत नाहीत. गिऱ्हाइकं त्या टोपाखाली बसून कॉफी पितात आणि हरणांच्या गप्पा मारतात. लांबून पाहिलं तर वाटतं, लाकूडतोड्यांचा मेळावा केस सेट करायला आलाय.

चर्चच्या रविवारच्या पत्रकात जाहिरात दिली. छापणाऱ्याने हेल्मीची जुनी जाहिरात आणि माझी नवी एकत्र करून टाकली. परिणामी सोमवारी सकाळी म्हातारी मिसेस सारी नातीच्या लग्नासाठी केस कुरळे करून घ्यायला हजर! परत कसं पाठवायचं? बर्निसला बोलावून घेतलं, तिने केले. थोडक्यात, माझ्या बंदुकांच्या दुकानाची पहिली कमाई केसांची आहे.

विक्रीचं म्हणशील तर ती अजून माझ्या अंगात भिनलेली नाही. एकजण नवी रायफल घ्यायला आला. मी सहज त्याची जुनी बघायला मागितली. आतली एक स्प्रिंग थकली होती, बदलून दिली. माणूस इतका खूश झाला की नवी न घेताच गेला. बर्निस म्हणते, तू दुकान काढलंयस की धर्मादाय दवाखाना?

वेन्डलच्या बायकोची, डोरीनची तब्येत बरी नाही. रंग लावतानाही त्याचं लक्ष सगळं घड्याळाकडे होतं. गिरणीत आयुष्यभर शेजारच्या यंत्रावर उभा राहिलेला माणूस, पण इतका गप्प मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गुडघा कसा आहे ते कळव. लोभ आहेच, माझ्या पाटीपेक्षा जास्त टिकावा.

तुझा,
आर्न

टूसान, ॲरिझोना
२ जून २००९

चि. आर्न यास,

थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. तुझं पत्र वाचताना इतकी हसले की शेजारीण काय झालं ते बघायला आली. तिला सांगितलं, माझा भाऊ बंदुकांच्या दुकानात केस कुरळे करून देतो. तिने मला सावलीत बसवून पाणी पाजलं. उन्हाचा त्रास झाला असं वाटलं असणार.

आता थोडं खरं बोलते. तू दुकान काढणार हे बर्निसने हिवाळ्यातच कळवलं होतं, आणि मी त्यावर एक शब्द लिहिला नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जन्म काढला. तुझ्याकडे बंदुका पुढच्या दाराने येतात, माझ्याकडे त्यांचा परिणाम मागच्या दाराने यायचा. तरी मी आपल्याच गावची आहे. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला न जाणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे लोक डॉक्टरकडे नेतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उपदेश करत नाही. एवढंच म्हणते, की विकताना माणसाचे हात बघतोस तसा चेहराही बघत जा.

आणि गिऱ्हाइकाला विकत घेण्यापासून परावृत्त करणं बंद कर. बर्निसच्या शाळेतल्या स्वयंपाकघरातल्या पगारावर तू किती दिवस दानशूर राहणार?

डोरीनला माझा निरोप दे. मी लहानपणी तिच्या वेण्या घालायचे, आणि ती प्रत्येक वेळी रडायची. गुडघ्याचं विचारू नकोस, तो माझ्याहून जास्त कुरकुरतो.

तुझं भलं चिंतणारी (आणि कधी कधी तुला हसणारी),
लेम्पी

टॅमरॅक फॉल्स
२३ ऑगस्ट २००९

प्रिय लेम्पी हिस,

सा. न. वि. वि. डोरीन गेली. बर्निसने तुला तार केल्यासारखं दोन ओळींचं कार्ड टाकलंच होतं. शेवटी शेवटी फार हाल झाले नाहीत. चर्चच्या तळघरात कॉफी, हॅम आणि वेलदोड्याचा पाव असं रीतीप्रमाणे सगळं झालं. वेन्डल दारात उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण त्याचं सांत्वन करण्याऐवजी तोच आपलं करतोय. मला म्हणाला, आर्न, जेवल्याशिवाय जाऊ नकोस हं. मी पाचवा तुकडा तोंडात घालत होतो. लाज वाटली, पण थांबलो नाही. दुःखात मला फार भूक लागते.

धंद्याची बातमी तेवढी गमतीची आहे, म्हणजे इतरांना. ऑगस्टा बेच्या जत्रेच्या मैदानावर बंदुकांचं प्रदर्शन भरलं. मीही टेबल लावलं. आणि माझ्या नशिबाने शेजारचं टेबल कोणाचं? वेल्मा स्ट्रॅन्डचं. तुला ती आठवणार नाही, तू गेल्यावर आली. तालुक्यातलं सगळ्यात मोठं दुकान तिचं. दारात पेंढा भरलेलं मूस, ते रुंद शिंगांचं भलंथोरलं हरीण, आणि रेडिओवर जाहिरात, त्यात ती स्वतः मूसचा आवाज काढते. आवाज हुबेहूब आहे हे कबूल करायला मला त्रास होतो.

दिवसभर तिच्या टेबलाशी रांग आणि माझ्याशी वारा. माझं एकच गिऱ्हाईक झालं. त्याला मी बसलो होतो ती घडीची खुर्ची आवडली. विकली. मग संध्याकाळपर्यंत उभा. मध्येच एक माणूस वेल्माकडून भलीमोठी रायफल घेऊन माझ्याकडे मत विचारायला आला, आणि मी त्याला मनापासून सांगितलं की तुझ्या खांद्याला ही झेपायची नाही, हलकी घे. तो परत करायला गेला! तशी वेल्मा कमरेवर हात ठेवून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की गिऱ्हाइकाला बंदूक नको म्हणून पटवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतेय. देव तुझं भलं करो, तोवर माझं तो करतोच आहे. लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन गोठ्याच्या दाराला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

वेन्डल कोणाकडे जात नाही. हाक मारली तर ओ देतो, एवढंच.

राहता राहिला लोभ, तो दुरूनही करता येतो. करत राहा.

तुझा,
आर्न

टूसान
९ सप्टेंबर २००९

चि. आर्न यास,

अ. उ. आ. आज चार ओळीच, हात दुखतोय. वेन्डलला कसा आहेस असं विचारत बसू नकोस. त्या प्रश्नाला आपल्याकडचे पुरुष ठीक आहे यापलीकडे उत्तर देत नाहीत. अंगावर झाड पडलं तरी खालून ठीक आहे म्हणतील. त्याच्या घरी जाऊन बस. काही बोलला नाहीस तरी चालेल. ते तुला जमणार नाही, तरी प्रयत्न कर.

वेल्मावर चिडू नकोस. बाई बरोबर बोलली.

तुझी,
लेम्पी

टॅमरॅक फॉल्स
२८ ऑक्टोबर २००९

प्रिय लेम्पी हिस,

सा. न. वि. वि. हे पत्र लांबेल. कॉफी घेऊन बस.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी टोपाखालच्या खुर्चीत बसून डुलकी काढत होतो. वेन्डल आला. गिरणीतलं जुनं जाकीट, दाढी वाढलेली. मी म्हटलं, ये, कॉफी घे. नको म्हणाला. रस्टी कुठे, म्हटलं. कुत्र्याशिवाय मी त्याला कधी पाहिलेला नाही. तर कुत्रा मार्केट शहरात कार्लाकडे, त्याच्या मुलीकडे देऊन टाकला म्हणाला. मग काचेच्या कपाटाकडे बोट करून म्हणाला, की एक पिस्तूल दे. कुठलं, म्हटलं. कुठलंही. कशाला हवंय, तर म्हणे अस्वलं फार झालीत.

लेम्पी, या माणसाने एकदा मासे धरायच्या गळाची दांडी घेताना दुकानदाराला रडकुंडीला आणलं होतं. वजन, लवचिकपणा, मूठ, रंग, सगळ्यावर वाद. आणि तोच वेन्डल पिस्तुलाकडे बघतही नव्हता. भाव विचारला नाही. मी सांगितलेल्या भावावर हूं म्हणाला. आणि तुझं चेहरा बघत जा हे वाक्य आठवलं म्हणून मी बघितला. बघितला नसता तर बरं, असं वाटण्यासारखा चेहरा होता.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं कोण जाणे. मी खोटं बोललो. म्हटलं, नाव तपासायला सरकारी कचेरीत फोन लावावा लागतो, आणि आज सकाळपासून फोन बंद आहे. एवढं बोलून होतंय तोच फोन खणखणला. बर्निस होती, येताना दूध आण म्हणत होती. मी तिला म्हटलं, फोन बंद आहे. ती म्हणाली, तुझं डोकं बंद आहे.

वेन्डल बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, तुझ्यासारखे दुकानदार असले तर धंदा बंद पडायला गिरणीचा मालक कशाला हवा. आणि गेला. मी मागे धावलो, तोवर त्याची गाडी ऑगस्टा बेच्या रस्त्याला लागली होती. त्या रस्त्यावर दुसरं आहे काय? वेल्माचं दुकान.

खरं सांगतो, फोन उचलला, नंबर फिरवला आणि ठेवून दिला. मूसचा आवाज काढणाऱ्या बाईपुढे नाक घासायचं? माझ्या मित्राचा जीव टांगणीला आणि मला पडलं होतं माझ्या नाकाचं! मग परत लावला. सगळं एका दमात सांगितलं. वाटलं, आता टोमणा येणार. आला नाही. तिने एकच विचारलं, की घासाघीस केली का त्याने? नाही म्हटलं. मग म्हणाली, त्याची गाडी बघते आहे, आत्ता माझ्या अंगणात शिरतेय; त्याचं मी बघते, कॉफी पाजून धरून ठेवते आणि तोंडावर नाही म्हणते. आणि तू अजून फोनवर काय करतोयस, गाढवा, त्याच्या घरी जा!

गेलो. वाटेत बर्निसकडून पेस्ट्या घेतल्या, मांस आणि कांदा-बटाटा भरलेल्या, गरम. का घेतल्या विचारू नकोस, रिकाम्या हाताने मरणावर बोलायला जाववेना. वाटभर भाषण पाठ करत होतो. मोठं सुंदर भाषण होतं, त्यात डोरीन होती, देव होता, गिरणीतले दिवस होते. त्यात इतका रंगलो की वेन्डलच्या घराच्या वळणावर नव्या बर्फावरून गाडी घसरली आणि नाक खाली करून खड्ड्यात गेली. दार उघडेना. मी आत, मांडीवर पेस्ट्या.

तासाभराने वेन्डल परतला. खड्ड्याशी थांबला, वाकून आत बघितलं आणि जाऊन ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली, ओढलं. गाडीचा पुढचा बंपर निघून साखळीबरोबर गेला, गाडी तिथेच. मी आतून हात हलवून त्याला सांगतोय थांब थांब, आणि तो बंपर ओढत अर्ध्या अंगणापर्यंत गेला. मागे वळून बघितलं आणि हसायला लागला. लेम्पी, तो हसत हसत ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला आणि मग कधी रडायला लागला ते मला कळलं नाही.

त्याने सौनाची वाफेची खोली तापवली. आपल्याकडे दुसरं करतात काय? आत बसलो दोघे. माझं भाषण घामाबरोबर वाहून गेलं. एक शब्द आठवेना. म्हणून सरळ विचारलं, वेन्डल, तू जीव द्यायचं म्हणतोयस का? त्याने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ खाली बसली. मग हो म्हणाला. म्हणाला की घर इतकं शांत आहे की त्याला त्याची शांतता ऐकू येते. मी म्हटलं, मग आज मी घरी जात नाही. तो म्हणाला, जाणार कसा, गाडी खड्ड्यात आहे.

बर्निसने कार्लाला फोन केला. त्याच रात्री ती कुत्र्यासकट आली. काल सकाळी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. निघताना वेन्डलने स्वतः कपाटातून बापाची जुनी हरणाची रायफल काढली, घरात तेवढी एकच होती, आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, तुझ्याकडे राहू दे. मी विचारलं, तेल देऊ का? म्हणाला, तुला काही ना काही केल्याशिवाय राहवत नाहीच, दे.

पेस्ट्या आम्ही गारच खाल्ल्या.

लोभ थोडा जास्तच पाठव या खेपेला.

तुझा,
आर्न

टूसान
४ नोव्हेंबर २००९

माझ्या वेड्या आर्नी,

आशीर्वाद बिशीर्वाद राहू दे आज. पत्र उभ्यानेच वाचलं, पेटीजवळच. पोस्टमनला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, नाही, कोणीतरी राहिलं.

आम्हा परिचारिकांना हे महिनोन्महिने शिकवतात, की आडवळण घेऊ नका, सरळ विचारा, विचारल्याने कोणाच्या डोक्यात भलतं शिरत नाही. तरी निम्म्या जणींची जीभ ऐनवेळी अडते. तू भाषण विसरलास हे देवाने केलं. तुझी भाषणं मी ऐकली आहेत.

वेल्माला एक कार्ड पाठवतेय. पत्ता माहीत नाही, पाकिटावर मूसचं चित्र काढते, पोचेल.

बंपर दुरुस्त करू नकोस, दुसऱ्या कोणाकडून करून घे.

तुझी,
लेम्पी

टॅमरॅक फॉल्स
१७ जानेवारी २०१०

प्रिय लेम्पी हिस,

सा. न. वि. वि. तुझं कार्ड पोचलं. वेल्माने ते गल्ल्यामागे लावलंय आणि चित्रातलं मूस गाढवासारखं दिसतं असं सगळ्यांना सांगते.

हंगाम वाईट गेला. वेन्डलने स्वतःच कॅफेत सगळं सांगून टाकलं, म्हणाला लपवायला मी काय चोरी केली? पण लोकांनी त्यातून भलतंच घेतलं. आर्नकडे बंदूक घ्यायला जायचं तर हसत जा, नाहीतर देत नाही, अशी गावभर थट्टा. नोव्हेंबरात शिकारी दारातूनच बत्तिशी दाखवत आत यायचे. दाखवून झाली की वेल्माकडे जाऊन घ्यायचे. एकजण मात्र खरंच चिडला. बंदूक बाळगणं हा माझा हक्क आहे, तू कोण ठरवणारा, म्हणून माझ्या टेबलावर मूठ आपटून गेला. मी म्हटलं असतं, की बाबा, हक्क तुझा आहे, पण दुकान माझं आहे. हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी दात घासताना सुचलं. आरशाला दिलं.

बर्निसशी बोललो, की वसंतात दुकान बंद करावं. ती म्हणाली, बघू.

पण एक विचित्रच सुरू झालंय. नाताळच्या आधी एक शेतकरीण आली, नाव लिहीत नाही. नवऱ्याच्या दोन रायफली घोंगडीत गुंडाळून. तेल देऊन ठेवा म्हणाली. मी म्हटलं, उद्या या. तर खाली बघून म्हणाली, घाई नाही, उन्हाळ्यापर्यंत चालेल, त्यालाही सांगितलंय, तो हो म्हणालाय. माझी ट्यूब उशिरा पेटते, पण पेटली. नंतर एक मुलगा स्वतःची स्वतः घेऊन आला, बायको सोडून गेली म्हणाला, थोडे दिवस ठेव. आता वेल्माही पाठवते. तिच्याकडे जागा भरपूर आहे, पण तिथे सगळा गाव बघतो; माझ्याकडे कोणीच येत नसल्यामुळे एकांत चांगला मिळतो. म्हणजे माझं अपयशच कामाला आलं. मी प्रत्येक बंदुकीला चिठ्ठी लावतो, दुरुस्तीत म्हणून. बिघाड एकीतही नाही. असं दुकान जगात दुसरं नसेल, माल वाढतोय आणि विकायला एकही नाही.

गुरुवारी वेल्मा कॉफीला येते आणि मधल्या टोपाखाली बसून माझा हिशोब कसा चुकतो ते मला समजावते. दुरुस्तीची सगळी कामं आता ती माझ्याकडे पाठवते. बर्निस म्हणते, बाई तुझ्यापेक्षा तुझं दुकान चांगलं चालवते.

वेन्डल कार्लाकडेच आहे. औषधं चालू आहेत, डॉक्टरला शिव्या देतो, म्हणजे सुधारतोय. हॉकीचा सामना झाला की फोन करतो आणि आपण हरलो तर माझ्यावर ओरडतो.

तिकडच्या उन्हाबरोबर थोडा लोभही पोस्टात टाक.

तुझा,
आर्न

टॅमरॅक फॉल्स
२५ ऑक्टोबर २०१०

प्रिय लेम्पी हिस,

सा. न. वि. वि. सल्ला हवाय, आणि तोही खरा.

वेन्डल उन्हाळ्यात घरी परतला हे तुला माहीत आहे. रस्टीही आलाय. वेन्डल रोज दुकानात येऊन बसतो, स्वयंपाक शिकतोय आणि शिकलेलं आम्हाला खाऊ घालतो. बर्निस ते खाते, यावरून तिचं त्याच्यावर किती प्रेम आहे ते समज.

काल त्याने रायफल परत मागितली. पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते, त्याचा बापही याच रायफलीने जायचा. मागण्यात गैर काय आहे? त्याचीच आहे. तरी माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, तेल द्यायचं राहिलंय. म्हणाला, वर्षभर? म्हटलं, किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या गळ्यात लटकत होती, त्याच्या डोळ्यांसमोर. तो कुत्र्याला घेऊन गेला.

दिली आणि काही झालं, तर मी कसा जगू? आणि नाही दिली, तर त्याला आयुष्यभर आजारी ठरवणारा मी कोण? वेल्मालाही विचारून झालं. तूच सांग.

तुझा,
आर्न

टूसान
१ नोव्हेंबर २०१०

चि. आर्न यास,

अ. उ. आ. मला विचारतोस, वेल्माला विचारतोस, उद्या त्या पेंढ्याच्या मूसलाही विचारशील. ज्याची रायफल आहे त्याला विचारलंस का? गेल्या वर्षी भाषण विसरून सरळ विचारलं होतंस, तसंच विचार. कसं वाटतं, तो विचार अजून येतो का, आला तर काय करतोस. उत्तर ऐकून घे आणि दोघं मिळून ठरवा. खात्री मागू नकोस. खात्री मी चाळीस वर्षांत एकाही पेशंटच्या बाबतीत देऊ शकले नाही.

आणि किल्ली गळ्यात घालून हरवली म्हणणाऱ्या माणसाने खोटं बोलायचा धंदा सोडून द्यावा. तोही तुला जमत नाही.

तुझी,
लेम्पी

टॅमरॅक फॉल्स
१७ नोव्हेंबर २०१०

प्रिय लेम्पी हिस,

सा. न. वि. वि. विचारलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, दुकानात, दार लावून.

वेन्डल रागावला नाही. म्हणाला, की मला वाटलं तू कधी विचारणारच नाहीस. विचार अजून येतो म्हणाला, मुख्यतः सकाळी, पण पूर्वी तो येऊन बसायचा, आता येतो आणि जातो. आला की कार्लाला फोन करतो, नाहीतर कुत्र्याला घेऊन इथे येतो. मी बापडा इतके दिवस समजत होतो की तो माझ्या कॉफीसाठी येतो! मग त्यानेच तोड काढली. रायफल वर्षभर तुझ्याचकडे राहू दे, म्हणाला, मला घरी नकोच आहे. शिकारीच्या दिवशी पहाटे घेईन, संध्याकाळी आणून देईन. कार्लाशी बोललो, डॉक्टरशीही. दोघांनी मान डोलावली.

परवा पंधरा तारीख. पहाटे आला, रायफल घेतली, माझ्याकडे न बघता म्हणाला, चार वाजेपर्यंत येतो. मला बरोबर जाता येईना. शिकारीच्या पहिल्या दिवशी निम्म्या तालुक्याच्या बंदुकीवरच्या दुर्बिणी कशावर तरी आपटतात आणि सगळे माझ्याकडे धावतात. दिवसभर हात कामात होते, डोळे रस्त्यावर. तीन गिऱ्हाइकांना एकमेकांच्या दुर्बिणी दिल्या.

चार वाजले. साडेचार वाजले. बर्फ पडायला लागला, उजेड जायला लागला. लेम्पी, मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. बर्निस शाळेतून आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि दिवा लावून बसली. वेल्माचा फोन आला. तिने विचारलं, आला का तो? नाही म्हटलं. म्हणाली, मी निघते. मी कोट चढवला, हातमोजे दोन्ही एकाच हाताचे घातले, आणि दार उघडून बाहेर पडणार तर दारातच वेन्डल. डोक्यापासून पायापर्यंत बर्फ, कोपरापर्यंत रक्त, आणि तोंडाने माझा उद्धार चाललेला. म्हणे, एवढा थोरला नर मिळाला, ओढ्याच्या पलीकडे, एकट्याने ओढत आणताना कंबर मोडली, आणि तू इथे उबेत बसून काचा पुसतोयस! मित्र म्हणवतोस! चल, उचलायला चल!

मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, अरे कपडे खराब होतील. झाले. बर्निसने रायफल त्याच्या हातातून घेतली, रिकामी आहे ना ते बघितलं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. तेवढ्यात वेल्मा येऊन पोचली, आणि मग आम्ही चौघांनी मिळून ते हरीण गाडीत चढवलं. तिघांनी चढवलं. मी दिवा धरला.

गावाला वेन्डलने सांगितलंय की हरीण इतकं मोठं होतं म्हणून उशीर झाला. खरं म्हणजे मध्यमच आहे. पण मी आणि वेल्मा, दोघांनी शपथेवर सांगितलं की तालुक्यात एवढं मोठं कोणी मारलं नाही. दुकान यंदाही काही चालत नाहीये, तरी बंद करायचं म्हटलं की बर्निसच आता डोळे वटारते.

अर्धं मांस आमच्या फ्रीझरमध्ये आहे, आणि वेन्डल रविवारी स्वतः रांधून घालणार आहे. आमच्यासाठी प्रार्थना कर. नाताळला येशील का? गुडघा घेऊनच ये, इथे सगळेच लंगडे आहेत, तो एकटा पडायचा नाही.

तुझा,
आर्न